‘ओव्हरफ्लो.एच’: कर्नलमधील पूर्णांक ओव्हरफ्लो दुरुस्त करणाऱ्या साधनांचे परीक्षण

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, पूर्णांक ओव्हरफ्लोची (हिशोबाचे उत्तर ठरलेल्या जागेत न मावण्याची) चूक दुरुस्त करायला बसलेल्या प्रोग्रामरच्या हाती आज सर्वांत आधी येते ती ‘ओव्हरफ्लो.एच’ ही हेडर फाइल. २०१८ साली कर्नलच्या ४.१८ या आवृत्तीबरोबर ती दाखल झाली. त्यानंतर तिच्यात भर पडत गेली आणि आता बेरीज, वजाबाकी, गुणाकार, आकारांचा हिशोब आणि प्रकारांची मर्यादा तपासणे अशा अनेक कामांसाठी तिच्यात मॅक्रो व फंक्शने आहेत. ड्रायव्हरचे, म्हणजे उपकरणे चालवणाऱ्या कोडचे, पॅच (बदलाचे तुकडे) लिहिताना आणि इतरांचे पॅच तपासताना ही फाइल सतत वापरणाऱ्याच्या नजरेतून हे परीक्षण लिहिले आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. मेमरी मागण्याच्या ठिकाणी हे साधन जवळजवळ निर्दोष आहे, पण त्या ठिकाणापासून जसजसे दूर जावे तसतसा त्याचा भरवसा कमी होत जातो, आणि कुठे थांबायचे हे त्याच्या नावांवरून कळत नाही.

सी भाषेत बिनचिन्ह पूर्णांक मर्यादेबाहेर गेला की नियमानुसार शून्यापासून पुन्हा मोजू लागतो. चिन्हांकित पूर्णांकाच्या बाबतीत मात्र भाषेने हात वर केले आहेत, म्हणजे त्या वेळी काय घडावे हे तिने ठरवलेलेच नाही आणि कंपाइलरला हवे ते गृहीत धरण्याची मोकळीक मिळते. लिनक्स कर्नल ‘-एफ-नो-स्ट्रिक्ट-ओव्हरफ्लो’ हा पर्याय देऊन बांधला जात असल्यामुळे ही मोकळीक तिथे काढून घेतलेली आहे. त्याचा फायदा असा की कंपाइलर एखादी तपासणी निरुपयोगी समजून गुपचूप उडवत नाही. मात्र चुकीचे उत्तर येण्याचे थांबत नाही, ते बिनबोभाट येतच राहते. साध्या प्रोग्रामात अशा उत्तराने बहुधा प्रोग्राम कोसळतो. कर्नलमध्ये त्याच उत्तराने छोटा बफर मिळतो, त्यात मोठी नक्कल केली जाते आणि शेजारच्या मेमरीवर लिहिता येऊ लागल्याने साध्या वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार मिळवण्याची वाट सापडते.

आधी या फाइलच्या सर्वांत मजबूत भागाकडे पाहू. समजा ३२ बिटांच्या यंत्रावर ड्रायव्हरला वापरकर्त्याकडून नोंदींची संख्या मिळते, प्रत्येक नोंद २४ बाइटांची आहे आणि ड्रायव्हर ‘केमॅलॉक’ला, म्हणजे कर्नलमध्ये मेमरी देणाऱ्या फंक्शनला, सरळ संख्या गुणिले २४ असा आकार देतो. वापरकर्त्याने १७,८९,५६,९७१ ही संख्या पाठवली तर खरा गुणाकार ४,२९,४९,६७,३०४ येतो. ३२ बिटांत त्यातले ४,२९,४९,६७,२९६ गळून जातात आणि हाती उरतात अवघे ८ बाइट. मेमरीची मागणी बिनतक्रार मान्य होते आणि पुढचा लूप पहिल्याच नोंदीत कुंपण ओलांडतो. या साध्या गुणाकारासाठी ‘केमॅलॉक_ॲरे’ हे फंक्शन २०१२ पासूनच होते. पण कर्नलमध्ये अधिक आढळणारी रचना वेगळी असते. आधी एक ठरावीक शीर्षक आणि त्याच्या शेपटीला लवचिक लांबीचा ॲरे (एकसारख्या घटकांची रांग), असे तिचे स्वरूप असते, आणि तिच्या आकारात गुणाकाराबरोबर बेरीजही येते. कर्नलच्या सुरक्षेवर काम करणारे केस कुक यांनी ४.१८ मध्ये आणलेला ‘स्ट्रक्ट_साइज’ हा मॅक्रो नेमका त्यासाठी आहे.

त्याची खुबी उत्तर देण्याच्या पद्धतीत आहे. हिशोब मर्यादेबाहेर गेला तर तो कोणतीही चूक कळवत नाही, तर ‘साइज_मॅक्स’, म्हणजे त्या यंत्रावरचा मोठ्यात मोठा आकार, परत करतो. एवढी मेमरी कोणालाच देता येत नसल्यामुळे मागणी फेटाळली जाते आणि हाती नल पॉइंटर, म्हणजे ‘मेमरी मिळाली नाही’ असे सांगणारा रिकामा पत्ता, येतो. नल आला आहे का हे तपासणारी ओळ तर बहुतेक ठिकाणी आधीच लिहिलेली असते. चुकीसाठी नवी वाट आखावी लागत नाही, नवा लेबल लागत नाही, मेंटेनरशी (त्या भागाची देखरेख करणाऱ्याशी) वाद घालावा लागत नाही. जुन्याच वाटेने चूक बाहेर पडते. सुरक्षेचा उपाय म्हणून इतका कमी उपद्रवी उपाय मी कर्नलमध्ये क्वचितच पाहिला आहे. शिवाय मॅक्रो ॲरेच्या घटकाचा आकार रचनेतूनच काढून घेतो. त्यामुळे कोणी उद्या घटकाचा प्रकार बदलला तरी आकार हाताने दुरुस्त करायचा राहून गेला, असे होत नाही. त्याच आवृत्तीत कोड आपोआप बदलणाऱ्या कॉक्सिनेल या साधनाच्या मदतीने कर्नलभर पसरलेले उघडे गुणाकार एकगठ्ठा बदलण्यात आले. हे काम यांत्रिकपणे करता आले, याचेच मला अधिक कौतुक वाटते, कारण हाताने बदल करायचे असते तर ते कोणी पूर्ण केले नसते.

आता पहिला खड्डा. पुष्कळ ड्रायव्हरांत ‘स्ट्रक्ट_साइज’च्या उत्तरात पुढे काहीतरी मिळवलेले दिसते: शेवटच्या शून्य बाइटसाठी एक, किंवा संरेखनासाठी (मेमरीतला पत्ता ठरावीक पटीत बसावा म्हणून) काही बाइट. आतला हिशोब मर्यादेबाहेर गेला असेल तर ‘साइज_मॅक्स’मध्ये एक मिळवला जातो आणि बेरीज शून्य होते. ‘केमॅलॉक’ला शून्य आकार दिला तर तो नल देत नाही, ‘झीरो_साइज_पीटीआर’ नावाचा एक खास पॉइंटर देतो, ज्याची किंमत १६ असते. नलची तपासणी त्याला खुशाल पुढे सोडते. म्हणजे सुरक्षित मॅक्रो वापरूनही, त्याच्यापुढे लिहिलेल्या एका उघड्या बेरजेमुळे सगळे मुसळ केरात जाते. यावरचा उपाय याच फाइलमध्ये ‘साइज_ॲड’ आणि ‘साइज_मल’ या नावांनी आहे. हिशोब एकदा ‘साइज_मॅक्स’वर पोहोचला की ही फंक्शने त्याला तिथून हलू देत नाहीत. पॅच तपासताना ‘स्ट्रक्ट_साइज’ दिसला की माझी नजर आपोआप त्याच्या उजवीकडे जाते, आणि तिथे अधिकचे चिन्ह असेल तर बाकीचा पॅच वाचण्याआधी मी तेवढे लिहून पाठवतो.

दुसरा खड्डा साठवणीचा आहे. उत्तर ‘इंट’ (चिन्हांकित ३२ बिटांचा पूर्णांक) किंवा दुसऱ्या ३२ बिटांच्या चलात ठेवले तर ६४ बिटांच्या यंत्रावर ‘साइज_मॅक्स’ची वरची अर्धी बाजू कापली जाते. ‘इंट’मध्ये उरते उणे एक. मोठेपणाची निशाणी म्हणून ठेवलेला आकडा ऋण होऊन बसतो, आणि पुढे ‘कमाल मर्यादेपेक्षा जास्त आहे का’ अशी तपासणी असेल तर तिच्यातून तो सहीसलामत सुटतो.

फाइलचा दुसरा भाग म्हणजे ‘चेक_ॲड_ओव्हरफ्लो’, ‘चेक_सब_ओव्हरफ्लो’ आणि ‘चेक_मल_ओव्हरफ्लो’ हे त्रिकूट. ते रास्मुस विलेमोस यांच्या कामातून आले असून जीसीसी या कंपाइलरच्या पाचव्या आवृत्तीपासून मिळणाऱ्या अंगभूत फंक्शनांवर आधारलेले आहे. गणित जणू अमर्याद अचूकतेने करायचे आणि उत्तर दिलेल्या चलात मावते का तेवढे सांगायचे, अशी त्यांची पद्धत. प्रोसेसर बेरीज-गुणाकाराच्या वेळी ओव्हरफ्लोचा ध्वज स्वतःच लावत असतो. कंपाइलर तोच वाचतो, त्यामुळे याची किंमत बहुधा एका उडीच्या सूचनेपेक्षा जास्त नसते. हाताने लिहिलेल्या तपासण्यांपेक्षा हे किती चांगले आहे ते कळण्यासाठी एकच जुनी सवय पाहावी: बेरीज पहिल्या संख्येपेक्षा लहान आली तर ओव्हरफ्लो झाला असे मानणे. ३२ बिटांच्या बिनचिन्ह संख्यांना हे बरोबर लागू पडते. १६ बिटांच्या संख्यांना लागू पडत नाही, कारण सी भाषा त्यांना बेरजेपूर्वी ‘इंट’मध्ये बढती देते. बेरीज त्या रुंद जागेत आरामात मावते, ती कधीच लहान येत नाही, आणि अट कायम खोटी राहते. अशी तपासणी नुसत्या वाचनात सापडणे अवघड असते, कारण ती दिसायला अगदी शहाणी दिसते.

या त्रिकुटाबद्दल तक्रार एकच आहे. ओव्हरफ्लो झाला की ती ‘खरे’ असे उत्तर देतात. म्हणजे ‘चेक’ असे म्हणणारे फंक्शन यशस्वी झाले की खोटे परत करते, आणि कर्नलमध्ये नव्याने आलेला माणूस इथे हमखास अडखळतो. परत आलेले उत्तर वापरले नाही तर कंपाइलर ताकीद देतो, ही सोय चांगली आहे, पण उलटे वापरले तर तो गप्प बसतो. आरंभी तिन्ही चलांचा प्रकार एकच असण्याची सक्ती होती. ती नंतर सैल केली गेली, आणि ते योग्यच झाले, कारण त्या सक्तीपायी लोक आधी कास्ट करून (प्रकार जबरदस्तीने बदलून) मगच तपासत आणि खरी चूक त्या कास्टमध्येच घडून जाई.

हे साधन कुठे वापरावे आणि कुठे वापरू नये याचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे सीव्हीई-२०२२-०१८५ (सीव्हीई हा जाहीर झालेल्या सुरक्षाचुकांना मिळणारा क्रमांक). फाइल सिस्टिम माउंट करताना येणारे पर्याय एका पानाएवढ्या, म्हणजे ४०९६ बाइटांच्या, बफरमध्ये एकापुढे एक जोडणाऱ्या फंक्शनमधली ही चूक आहे. ५.१ या आवृत्तीपासून त्यात तपासणी अशी होती: नव्या तुकड्याची लांबी ही ४०९६ वजा २ वजा आतापर्यंत भरलेला भाग यापेक्षा जास्त असेल तर नकार द्यावा. भाषेत वाचले तर हे पूर्ण बरोबर आहे. पण सगळे आकडे बिनचिन्ह आहेत. भरलेला भाग ४०९५ झाला की वजाबाकी उणे एक यायला हवी, ती येते प्रचंड मोठी. मग कोणतीही लांबी त्या मर्यादेच्या आतच भरते आणि लिहिणे बफरच्या बाहेर चालू राहते. कंटेनरमधून बाहेर पडण्यासाठी या चुकीचा उपयोग करता येतो हे दाखवले गेले. दुरुस्ती एका ओळीची झाली: वजाबाकी काढून टाकली आणि भरलेला भाग अधिक लांबी अधिक २ ही बेरीज पानाच्या आकाराशी ताडून पाहिली. दोन्ही आकडे आधीच मर्यादित असल्याने ती बेरीज फुटण्याची भीती नव्हती.

आता कोणी म्हणेल की इथे ‘साइज_सब’ वापरले असते तर? तेच करून पाहावे. ‘साइज_सब’ वजाबाकी शून्याखाली गेली की ‘साइज_मॅक्स’ परत करते. उरलेली जागा म्हणून ‘साइज_मॅक्स’ आले की पुन्हा कोणतीही लांबी मर्यादेत बसते, म्हणजे सुरक्षित म्हणवणारे फंक्शन वापरून तीच चूक जशीच्या तशी परत मिळते. ‘चेक_सब_ओव्हरफ्लो’ने ती पकडली असती. या फरकात या फाइलचे सगळे गुणदोष आले. संपृक्त आकडा, म्हणजे ‘साइज_मॅक्स’वर थांबलेला आकडा, हा मेमरी देणाऱ्याच्या दारात जाऊन अडावा म्हणून निवडलेला आहे. तिथे तो रक्षक आहे, आणि तुलनेच्या चिन्हाच्या उजव्या बाजूला तोच फितूर होतो. फाइलमधल्या टिपणांत हे वर्तन लिहिलेले आहे, पण अशा जागी वापरू नका अशी ठळक सूचना नावात तरी नाही. ‘साइज_सब’ हे नाव मला म्हणूनच खटकते.

प्रकार बदलताना होणाऱ्या चुकांपुढे तर ही फाइल बव्हंशी बघ्याच्या भूमिकेत असते. २०२१ मध्ये क्वालिस या संस्थेने उघड केलेली ‘सिक्वोया’ ही चूक, म्हणजे सीव्हीई-२०२१-३३९०९, त्याचे उदाहरण. कर्नलमधल्या फाइलींचा मजकूर तयार करणाऱ्या ‘सीक_फाइल’च्या बफरचा आकार दुप्पट होत होत २ गिगाबाइटला पोहोचतो. तो योग्य प्रकारात साठवलेला असतो, गणितही बरोबर असते. पुढे मात्र हा आकार ‘इंट’ घेणाऱ्या फंक्शनला दिला जातो, ऋण होतो, आणि दहा बाइटांची एक छोटी अक्षरमाला बफरच्या सुमारे २ गिगाबाइट अलीकडे लिहिली जाते. यात कुठेही बेरीज किंवा गुणाकार फुटलेला नाही, त्यामुळे वरचे त्रिकूट शोधूनही लावायला जागा सापडत नाही. दुरुस्ती उगमापाशी झाली: अतिशय मोठा बफर मागितला तर तो द्यायचाच नाही. त्याच वर्षी मोठी मेमरी देणाऱ्या ‘केव्हीमॅलॉक’लाही ‘इंट’च्या कमाल किमतीची मर्यादा घालण्यात आली, म्हणजे ही जात पुढे उगवूच नये. ‘ओव्हरफ्लोज_टाइप’ हा मॅक्रो अशा ठिकाणी उपयोगी आहे. तो फाइलमध्ये आहे, पण पॅचांमध्ये फारसा दिसत नाही.

अरुंद खणांच्या चुकांचीही हीच गत. नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी २०१९ मध्ये शोधलेल्या ‘सॅक पॅनिक’ या चुकीमध्ये टीसीपी या नेटवर्क-नियमावलीच्या तुकड्यांची संख्या १६ बिटांच्या खणात ठेवलेली होती. १७ फ्रॅगमेंट, प्रत्येकी ३२ किलोबाइट, आणि प्रत्येक तुकड्यात फक्त ८ बाइट माहिती असा हिशोब केला तर तुकडे होतात ६९,६३२, आणि खणात मावतात ६५,५३५. दूरवरून येणाऱ्या पॅकेटांनी कर्नल पॅनिक होत असे, म्हणजे काम थांबवून बंद पडत असे. तिथे तपासणी घालून ‘ओव्हरफ्लो झाला’ हे कळून करायचे काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांनी तुकडे एकत्र करण्यावरच मर्यादा घातली. मला ती दुरुस्ती आदर्श वाटते.

या फाइलची थोरली बहीण शोभेल अशी ‘रेफकाउंट_टी’ २०१७ मध्ये ४.११ या आवृत्तीत आली, आणि खरे तर या घराण्यात मला सर्वांत जास्त आवडते ती हीच. तिच्यामागचा धडा सीव्हीई-२०१६-०७२८ने दिला होता. कीरिंगच्या (किल्ल्या सांभाळणाऱ्या) कोडमध्ये संदर्भमोजणीचा, म्हणजे एखादी वस्तू किती जण वापरत आहेत याचा, आकडा वाढत असे, कमी होत नसे. पुरेशा वेळा तीच सिस्टिम कॉल केली की ३२ बिटांचा आकडा फिरून शून्यावर येई, वस्तू वापरात असतानाच मुक्त केली जाई, आणि साध्या लॅपटॉपवर अर्ध्या तासाच्या आसपास एवढ्या फेऱ्या पूर्ण होत. ‘रेफकाउंट_टी’ आकडा फिरू देत नाही. तो एका जागी गोठवते, इशारा छापते आणि ती वस्तू कायमची अडकून राहू देते. थोडी मेमरी वाया गेली तरी मुक्त झालेली मेमरी वापरली जात नाही. सुरुवातीला वेगाची तक्रार झाली, विशेषतः नेटवर्किंगच्या बाजूने, पण ५.५ मध्ये अंतर्गत रचना बदलल्यावर त्या तक्रारीत फारसा दम राहिला नाही. नव्या कोडमध्ये मोजणीसाठी ‘ॲटॉमिक_टी’ हा जुना, फिरू शकणारा प्रकार दिसला तर त्याचे कारण विचारावे, इतपत हे साधन आता पक्के झाले आहे.

सगळेच फिरणारे आकडे चुकीचे नसतात, आणि स्वयंचलित तपासणी इथेच अडते. ‘जिफीज’ हा घड्याळाचा आकडा ३२ बिटांच्या यंत्रावर सेकंदाला १००० ठोके धरले तर ४९.७ दिवसांनी फिरतो, आणि तो फिरणार हे गृहीत धरूनच ‘टाइम_आफ्टर’ हा मॅक्रो लिहिलेला आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना हे लगेच कळावे म्हणून आरंभीची किंमत अशी ठेवली आहे की यंत्र सुरू झाल्यावर पाचच मिनिटांनी आकडा फिरावा. ही युक्ती मला या सगळ्या साधनांइतकीच मोलाची वाटते. हॅशची फंक्शने तर फिरण्यावरच चालतात. चालू कोडमधल्या अशा चुका पकडणारे ‘यूबीसॅन’ ४.५ पासून कर्नलमध्ये आहे आणि कर्नलवर यादृच्छिक कॉलांचा मारा करणाऱ्या ‘सिझकॉलर’च्या जोडीने त्याने पुष्कळ चुका पकडल्या आहेत, पण फिरणारा प्रत्येक आकडा पकडायला सांगितला की खऱ्या इशाऱ्यांवर हेतुपुरस्सर फिरणाऱ्यांचा ढीग साचतो. २०२४ च्या मे महिन्यात केस कुक यांनी अनपेक्षित ओव्हरफ्लो सरसकट रोखण्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा मुख्य आक्षेप याच स्वरूपाचा होता. त्याच वर्षी हेतू स्पष्ट सांगण्यासाठी ‘रॅपिंग_ॲड’ आणि त्याची भावंडे फाइलमध्ये आली. माझ्या मते आक्षेप रास्त आहे, आणि तरीही ही भावंडे वापरावीत, कारण वाचणाऱ्याला फिरणे मुद्दाम आहे एवढे कळले तरी त्याचा बराच वेळ वाचतो.

इतर पर्यायांकडे थोडक्यात पाहू. विंडोजच्या ड्रायव्हरांसाठी ‘एनटीइंटसेफ.एच’ आहे. तिच्यात प्रत्येक प्रकारासाठी आणि प्रत्येक रूपांतरासाठी वेगळे फंक्शन आहे. नावे लांबलचक आहेत, कोड वाचायला जड होतो, पण सिक्वोयासारख्या रूपांतराच्या चुकांना तिच्याकडे थेट उत्तर आहे, आणि लिनक्सच्या फाइलने हे तिच्याकडून उचलावे. ॲपलची ‘ओएस_ॲड_ओव्हरफ्लो’ ही मालिका त्याच अंगभूत फंक्शनांवर चालते, त्यामुळे सवय झालेल्याला नवे काही शिकावे लागत नाही. ओपनबीएसडीच्या ‘मॅलॉकॲरे’ने गुणाकाराचा प्रश्न कमीत कमी शब्दांत मिटवला, मात्र लवचिक शेपटीच्या रचनांसाठी त्यात ‘स्ट्रक्ट_साइज’सारखी सोय नाही. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचा मार्ग वेगळा आहे: ६.१ पासून लिनक्समध्ये आलेल्या रस्टच्या कोडमध्ये ओव्हरफ्लोची तपासणी मूळ सेटिंगमध्येच चालू असते, फिरवायचे असेल तर ‘रॅपिंग_ॲड’ आणि तपासून पुढे जायचे असेल तर ‘चेक्ड_ॲड’ असे स्पष्ट लिहावे लागते, आणि प्रकार आपोआप बदलत नाहीत. गाफीलपणे लिहिलेली बेरीज तिथे पॅनिक करते. कर्नलमध्ये अशा पॅनिकने यंत्रही बंद पडू शकते, हे लक्षात ठेवूनच ती सोय वापरावी लागते.

ज्यांना ४.१८ च्या आधीच्या कर्नलवर आधारलेल्या शाखा सांभाळाव्या लागतात त्यांनी दुरुस्तीचा पॅच मागे नेताना विशेष जपावे. मूळ पॅचमधला ‘स्ट्रक्ट_साइज’ तिथे उपलब्ध नसला की घाईत उघडा गुणाकार परत लिहिला जातो आणि पॅचचे शीर्षक ‘ओव्हरफ्लो दुरुस्त केला’ असेच राहते. अशा शाखेत हेडर फाइल संपूर्ण उचलून आणणे जास्त सोपे पडते, कारण ती जवळजवळ स्वयंपूर्ण आहे. तिच्यासोबत केयूनिटच्या (कर्नलच्या चाचणी-चौकटीच्या) चाचण्यांची ‘ओव्हरफ्लो_केयूनिट’ ही फाइलही आणता आली तर आणावी. वेगवेगळ्या रुंदीच्या प्रकारांच्या सीमेवरच्या किमती तिच्यात भरलेल्या आहेत, आणि जुन्या कंपाइलरवर एखादा मॅक्रो चुकीचा विस्तारत असेल तर ते या चाचण्या चालवल्यावरच कळते.